पाहुण्यांसाठी ठेवलेला ग्लास

मी ग्लास बोलतोय. काचेचा, उंच, साधा. अंगावर ना फूल, ना सोनेरी रेघ. बोलावं की नाही याचा विचार मी फार वर्षं केला, आता करत नाही. वाट पाहणं हा माणसांचा गुण असेल, काचेचा नाही. काच एक तर भरलेली असावी, नाहीतर फुटलेली. या दोहोंच्या मधलं जे असतं ते मी भोगलंय.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेला लाल रस साच्यात पडला, वरून दाब आला आणि मी उभा राहिलो. थंड होता होता हवेचा एक ठिपका माझ्या बुडाशी अडकला. मोहरीच्या दाण्याएवढा बुडबुडा. तपासणाऱ्या माणसानं मला उजेडात धरलं, बुडबुडा पाहिला, जांभई दिली आणि खोक्यात ठेवून दिलं. त्याच्या त्या जांभईमुळे मी जगलो.

वर्ध्याच्या बाजारात काचसामानाच्या एका दुकानात मी फळीवर होतो. तिथं एक दिवस सुलोचना आली. आंजी गावात अंगणवाडी सेविका म्हणून ती नुकतीच लागली होती आणि पहिल्या मानधनातून तिला ग्लास घ्यायचे होते. तिनं आम्हा सहाही जणांना नखानं वाजवून पाहिलं, एकमेकांशेजारी उभं करून उंची ताडली. एक लहान, एक मोठा असं तिला चालणार नव्हतं. सहा म्हणजे सहाही सारखे. दुकानदार हसला. माझ्या बुडाचा बुडबुडा त्यानंच दाखवला आणि बदलून देतो म्हणाला.

"राहू द्या," सुलोचना म्हणाली. "बुडाशी आहे, काठाशी नाई. पेणाऱ्याले लागत नाई."

एसटीत खोकं मांडीवर घेऊन ती आंजीला आली. खड्डा आला की दोन्ही हात आमच्यावर दाबायची. एवढं जपून कुणी आपल्याला घरी नेत असेल तर तिथं आपलं रोजचं काम असणार, असं मला वाटलं. मी नवा होतो.

घरी आल्यावर तिनं आम्हाला धुतलं, पुसलं आणि फळीवर पालथं घातलं. नवरा प्रेमदास स्टीलच्या ग्लासातच पाणी पीत राहिला. शेजारपाजारचे आले, त्यांनाही स्टीलच. सुलोचना कुणाची तरी वाट पाहत होती.

ज्यांची वाट होती त्या आल्या. मोहिनीबाई, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची, प्रभाकररावांची बायको. अंगणवाडीच्या समितीवर होत्या, कसल्याशा कागदावर त्यांची सही हवी होती. एरवी सुलोचना त्यांच्या घरी जायची, त्या दिवशी वाटेत घर लागलं म्हणून त्याच आल्या. एप्रिलचं ऊन. सुलोचनानं माठातलं पाणी काढलं आणि सहांतून मला उचललं. मी काठोकाठ भरलो. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेरून मला घाम फुटला, इतकं ते पाणी गार होतं. ट्रेमध्ये ठेवून तिनं मला त्यांच्यापुढं नेलं.

"नको हो, सुलोचनाबाई," मोहिनीबाई म्हणाल्या. "आत्ताच पिऊन आले."

मी समोरच होतो. त्यांचे ओठ सुकलेले होते, बोलताना एकमेकांना चिकटत होते. त्यांनी सही केली, पदरानं गळा पुसला आणि त्या गेल्या. सुलोचना ट्रे धरून तशीच उभी. मग अंगणात जाऊन तिनं माझ्यातलं पाणी मोगऱ्याच्या बुडाशी ओतलं, मला धुतलं, कोरड्या फडक्यानं बराच वेळ पुसलं आणि बैठकीतल्या भिंतीच्या शोकेसमध्ये ठेवलं. मागोमाग बाकीचे पाच. पुढची काच सरकवली.

मला वाटलं, त्या बाईंना माझ्या बुडाचा बुडबुडा दिसला.

माणसांना शोकेस फार आवडतं. जे वापरायचं ते मोरीपाशी, जे दाखवायचं ते काचेमागं. माझ्या डावीकडं बुद्धाची छोटी मूर्ती, उजवीकडं कधीच न वाजलेली बाहुली, मागं प्लास्टिकचे गुलाब. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या आधी, घराला रंग लागायचा तेव्हा आम्हाला बाहेर काढायचे, पुसायचे आणि परत आत. कुणी विचारलं तर प्रेमदासचं उत्तर ठरलेलं, पाहुण्यांसाठी ठेवले आहेत. पाहुणे मात्र येत आणि स्टीलमधून पिऊन जात. हे असं का, हे त्यानंही बायकोला कधी विचारलं नसावं. मोठी माणसं एकमेकांना फार कमी विचारतात. लहान कुणी विचारलं तर त्याला गप्प करतात आणि त्याला संस्कार म्हणतात.

विचारणारी एकच होती, काजल. ती जन्मली, रांगली, शोकेसच्या काचेला नाक लावून उभी राहायला शिकली. तिच्या श्वासानं काच धुकट व्हायची आणि त्या धुक्यात ती बोटानं रेघा ओढायची. थोडी मोठी झाल्यावर तिनं ग्लास मागितला. आई म्हणाली, फुटेल. मग दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा मागितला, त्यातून सरबत पिते म्हणाली. आई म्हणाली, कशाला उगाच. मग काजलनं मागणं सोडलं आणि टोमणे मारणं धरलं. या घरात ग्लासांनाही वयाची अट आहे का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर विचारायची. मला ती पोरगी आवडायची. आम्हा दोघांच्याही अंगात एकच तगमग होती, फरक इतकाच की तिला पाय होते.

त्या पायांनी ती वर्ध्याला कॉलेजात गेली, अन्नशास्त्र शिकून आली आणि आल्या आल्या बापाच्या वावरात बोट घातलं. प्रेमदास हिवाळ्यात हरभरा पेरायचा. निम्मा रोही, म्हणजे नीलगाई, खायचे, उरलेला रानडुकरं उकरायची. काजल म्हणाली, चिया पेरू. या झाडाला जनावर तोंड लावत नाही. वाशीमकडचे शेतकरी पेरतात, मग आपण का नाही. हे तिनं इतक्या वेळा आणि इतक्या चढ्या आवाजात सांगितलं, की प्रेमदासनं शेवटी वावराचा एक तुकडा तिच्या हवाली केला.

पीक आलं. जांभळे तुरे आले, रोही बांधावरून हुंगून परत गेले. राखाडी, ठिपक्यांचं, तिळाहूनही बारीक बी पोत्यांत भरून बैठकीच्या कोपऱ्यात आलं, माझ्या डोळ्यांसमोर. आणि तिथंच बसून राहिलं. व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं की एका वावरासाठी गाडी एवढ्या लांब येत नाही. गावातल्या पाच-सात जणांनी पेरा केला तर पुढच्या हंगामाला दारातून माल उचलतो, हाही त्याच खेपेला नेतो.

गाव मात्र हसत होतं. शेजारचे चंद्रभानकाका रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. ते तर पोत्याकडं बघून एकच गोष्ट म्हणायचे, "प्रेमदास, जे रोही खात नाई, ते मानसं खातीन का?"

प्रेमदास चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळला. त्यानं जेवता जेवता पोरीला सांगून टाकलं.

"लोकं आले तं आले. नाई आले तं यंदा हरभरा. आन् मंग वावरात तुझं बोलनं बंद."

काजलचा घास हातातच राहिला. कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती, लग्नाचं बोलणं दर रविवारी निघत होतं. त्या घरात तिचा म्हणावा असा एकच तुकडा होता आणि तो वावरात होता. तो गेला तर ती काचेच्या या बाजूला, माझ्या शेजारी. हे मला कळलं. तिलाही कळलं असावं, कारण ती उठून अंगणात फेऱ्या मारायला लागली.

फेऱ्या मारता मारता तिनं ठरवलं की लोकांना खाऊ घालायचं. ज्यांना गाव विचारतं त्यांना आधी. गावात प्रभाकररावांनी जे पेरलं तेच चार जण पेरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिनं आईला न विचारता त्यांच्या घरी जाऊन दोघांना बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं बोलावणं दिलं. मोहिनीबाई तर खूश झाल्या. त्यांना साखरेचा आजार जडला होता आणि डॉक्टरनं चिया खायला सांगितलं होतं. वर्ध्याहून पुडी आणवून त्या पाण्यात भिजवून नाक दाबून प्यायच्या.

मग काजलनं सराव केला. एका मोठ्या गंजात, म्हणजे स्टीलच्या उभ्या पातेल्यात, दूध घेतलं, त्यात बी टाकलं, ढवळलं, थोडं थांबून पुन्हा ढवळलं. दुसऱ्यांदा ढवळलं नाही तर गुठळ्या होतात. रात्रभर ठेवायचं म्हणून तिनं तो गंज फ्रिजमध्ये घालायला घेतला, पण फ्रिजमध्ये जागा नव्हती. तिथं आईनं लिंबं, कालची भाजी, वीस प्रकारच्या वाट्या आणि एक वितळलेला बर्फाचा ट्रे जपून ठेवला होता. म्हणून खाली माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

सकाळी प्रेमदास उठला. त्याच कोपऱ्यात तो रोज गाईसाठी सरकीची ढेप भिजत घालायचा. गंजात राखाडी, फुगलेलं, घट्ट असं काहीतरी होतं. त्यानं गंज उचलला आणि गाईपुढं नेऊन ओतला.

काजल बाहेर आली तेव्हा गाय गंजाचं बूड चाटत होती.

त्यावर काजलनं जे तोंड सोडलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. प्रेमदास बिचारा म्हणत राहिला की ढेपच वाटली, रंग तोच, वासही तसाच काहीसा. चंद्रभानकाका ओट्यावरून म्हणाले की चला, रोही नाही तर गाय तरी खाते, सुरुवात झाली. काजल त्यांच्यावरही कडाडली. मग घरात शिरली, थेट शोकेसपाशी आली आणि तिनं काच सरकवली.

इतक्या वर्षांत ती काच कुणी रागानं सरकवली नव्हती. हवा आत आली. मी थरथरलो.

"काय करून राह्यली?" सुलोचना स्वयंपाकघरातून धावत आली.

काजल म्हणाली, स्टीलच्या भांड्यात काय आहे ते दिसत नाही, म्हणून गाईच्या पोटात जातं. काचेत थर दिसले पाहिजेत. पांढरं, पिवळं, लाल, एकावर एक. डोळ्याला दिसलं तरच माणूस चमचा घालतो. तिनं एका हातात दोन ग्लास धरले होते, तिसरा धरायला गेली. सुलोचनानं तिचं मनगट पकडलं. ओढाताणीत माझ्या शेजारचा भाऊ निसटला आणि फरशीवर पडला. जन्मापासून आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो. एक आवाज झाला आणि भाऊ सगळीकडं झाला.

मला वाटलं आता सुलोचना ओरडेल. ती ओरडली नाही. खाली बसली आणि तुकडे वेचायला लागली.

काजलला ते सोसलं नाही. "मग ठेवले काऊन होते?" ती म्हणाली. "कोनासाठी?"

"जिच्यासाठी घेतले तिनं तं पेलं नाई," सुलोचना म्हणाली. "आन् तू तिलेच बलावून आली."

मग तिनं सांगितलं. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. अंगणवाडीत लागली तेव्हा ती मोहिनीबाईंच्या घरी पहिल्यांदा गेली, पोरांच्या नावांसाठी. त्यांनी चहा दिला. कपबशी आतून आली नाही, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून आली. सुलोचनाला ते तेव्हा कळलं नाही, ती चहा प्यायली. निघताना गड्यानं सांगितलं, कप विसळून परत कोनाड्यात पालथा घाला. तेव्हा कळलं. तिनं विसळला, पालथा घातला, घरी आली आणि कुणालाच सांगितलं नाही. पहिलं मानधन हातात आलं तेव्हा बाजारात जाऊन सहा सारखे ग्लास घेतले. आपल्या घरी कुणीही आलं तरी त्याला सारखाच ग्लास. आणि त्या बाई आल्या, आणि त्यांनी पाण्याला हातही लावला नाही.

माझ्या बुडबुड्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. वीसेक वर्षं मी उगाच स्वतःकडं बघून झुरलो होतो. मला आधी हायसं वाटलं आणि मग असा संताप आला, की तेव्हा कुणी माझ्यात पाणी ओतलं असतं तर ते उकळलं असतं.

काजलचाही चेहरा तापला होता. ती म्हणाली, बोलावणं रद्द करते, आत्ता जाते आणि तोंडावर सांगते. मग पोत्यांकडं बघून थांबली. ती शिकलेली होती, हिशेबी होती आणि घाईत होती. थोड्या वेळानं ती खाली बसून आईबरोबर तुकडे वेचायला लागली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, येऊ दे त्यायले. फक्त त्या दिवशी जुनं काढू नको. पेरा झाला की मंग काय बोलायचं ते बोल."

सुलोचनानं काहीच कबूल केलं नाही. पण उठून शोकेस पूर्ण उघडलं आणि आम्हा पाचही जणांना मोरीवर नेलं. नळाचं पाणी अंगावर पडलं तेव्हा मला रडूच आलं असतं, पण काचेला ती सोय नाही.

आता थरांचं सांगतो, कारण त्यासाठीच मला बाहेर काढलं होतं. काजलनं नारळाचं दूध काढलं, त्यात थोडं साईचं दूध मिसळून बी भिजवलं, दोनदा ढवळलं. अननस कच्चा घातला तर साईच्या दुधाला कडूपणा येतो, म्हणून तो शिजवून वेगळा ठेवला, मोहिनीबाईंना साखरेचा आजार म्हणून गुळाशिवाय. गावरान आंब्याचा रस गाळून घट्ट केला. पपईचे तुकडे अगदी शेवटी, खायच्या वेळी. सुलोचना बाजूला उभी राहून दूध आणि फळं एकत्र करू नये, अंगावर चट्टे उठतात, असं सांगत होती. काजल ऐकत नव्हती. फ्रिजमधल्या वीस वाट्या तिनं बाहेर काढल्या, आईच्या डोळ्यांसमोर, एकेक करून. मग एका पातेल्यात गहू भरले आणि आम्हाला त्यात तिरपं रोवलं. तळाशी बियांचं पांढरं दूध पडलं, तिरप्या रेघेत. ते थिजलं की सरळ करून वर आंबा, मग पुन्हा पांढरं, मग अननस.

मला फ्रिजची सवय नव्हती. आजवर मी घरातल्या उबेतच उभा होतो. गार झालो तशी भीती वाटली, की आता तडकणार. त्या अंधारात तिरपा रोवलेला, पोटात बी फुगतंय, थर जमतायत, आणि बाहेर काय चाललंय ते कळत नाही. उद्या त्या बाई येणार. मी स्वतःला शिव्या घातल्या तरी मनातून मला एकच हवं होतं, की या वेळी त्यांनी मलाच उचलावं. ज्या ओठांनी नाकारलं त्याच ओठांना मी लागावं. सुलोचना मला देईल, मी त्यांच्या हातात जाईन आणि सगळं फिटेल. इतकी वर्षं काचेमागं राहून माझी समजूत एवढीच वाढली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. प्रभाकरराव खुर्चीवर, मोहिनीबाई दिवाणावर, चंद्रभानकाका दाराशी, प्रेमदास पोत्याला टेकून. आंजीतल्या त्या उन्हाचं सांगायला नको, पंखा फिरत होता तो गरम हवाच ढकलत होता. काजलनं पिकाचं सगळं एका दमात सांगितलं. पाणी किती, रोही का येत नाही, व्यापारी काय म्हणतो. प्रभाकरराव मान हलवत होते. ती मान होकाराची की झोपेची, हे कळत नव्हतं.

मग सुलोचना ट्रे घेऊन आली. पाच ग्लास. तळाशी पांढरं, त्यावर आंब्याचा पिवळा पट्टा, पुन्हा ठिपक्यांचं पांढरं, मग अननस, वर पपईचे लालकेशरी तुकडे. चंद्रभानकाका मान पुढं काढून बघत राहिले. 

मी ट्रेच्या कडेला होतो, मोहिनीबाईंच्या बाजूनं. त्यांचा हात पुढं आला. सरळ माझ्याकडं. बांगड्या घसरून मनगटाशी आल्या, बोटं माझ्या अंगाला टेकली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आता घडणार होतं.

सुलोचनानं ट्रे फिरवला.

"तो नाई, बाई. तो माझा आहे."

मोहिनीबाईंनी हसून दुसरा उचलला. सगळ्यांनी आपापला घेतला. सुलोचनानं रिकामा ट्रे पोत्यावर ठेवला, मला हातात घेतलं आणि दिवाणाच्या समोरच्या खुर्चीवर बसली. त्या घरात पाहुणे आले की ती दाराच्या चौकटीत उभी असायची. बसलेली मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. तिनं चमचा तळापर्यंत घातला, चारही थर एकदम वर काढले आणि पहिला घास स्वतः घेतला.

"आमच्या आधी?" मोहिनीबाई थट्टेनं म्हणाल्या. "यजमानीणबाई भुकेल्या दिसतात."

काजल आईकडं बघत होती. डोळ्यांनी सांगत होती, आज नको. पोती तिच्या पाठीशी होती.

"तुम्ही एकदा आल्या होत्या, बाई," सुलोचना म्हणाली. "मी पाणी आनलं होतं, याच गिलासात. तुम्ही म्हटलं, आत्ताच पिऊन आले. तवापासून हा रिकामा होता. मले वाटे तुमच्यासाठी आहे म्हनून ठेवला. पन घेतला तं मी माह्या पैशानं होता. म्हनून म्हटलं, आज मीच खाते."

 प्रभाकरराव छताकडं बघायला लागले. मोहिनीबाईंचा चमचा हवेत थांबला होता.

"मला आठवत नाही हो," त्या म्हणाल्या.

"मले आठवते," सुलोचना म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

 काजलला वाटलं, गेलं सगळं. वावर गेलं, बोलणं गेलं, यंदा हरभरा. तिच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली होती आणि सुटत नव्हती. एवढी तडफदार पोरगी, आयुष्यभर आईला गप्प बसल्याबद्दल बोलत आली, आणि आई बोलली तेव्हा हिला ती गप्प हवी होती. मी तिच्यावर रागावलो नाही. मलाही तर त्याच बाईंच्या ओठांची ओढ होती.

मोहिनीबाईंनी ग्लास खाली ठेवला, अर्धा.  मग त्या म्हणाल्या, "थोडं पाणी द्याल का?"

काजल हलली नाही. सुलोचनाच उठली. एका ताटलीत उरलेलं काढून तिनं तोच ग्लास विसळला, माठातलं पाणी भरलं आणि त्यांच्यापुढं धरला. मोहिनीबाई प्यायल्या. न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत. उन्हानं की लाजेनं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. सुलोचनानं विचारलं नाही. परत येऊन ती बसली आणि मला संपवलं. खालच्या बुडबुड्यापाशी आंब्याचा एक ठिपका चिकटला होता, तोही तिनं चमच्यानं काढला.

तिचे ओठ माझ्या काठाला लागले नाहीत, चमचाच होता. पण मग तिनंही पाणी घेतलं, माझ्यातूनच. तेव्हा लागले. मी चुकीच्या माणसाची वाट पाहत होतो, हे मला तेव्हा कळलं.

जाताना प्रभाकरराव म्हणाले, दसऱ्यानंतर बघू. त्यांनी पेरलं नाही. पण चंद्रभानकाकांनी ताटलीत ठेवलेलंही खाल्लं, घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन म्हणाले की अर्धा एकर मी टाकतो. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाले, "ज्या घरची बाई प्रभाकररावच्या समोर बसून पह्यला घास घेते, त्या घरच्यायच्या मागं जायले काय भ्याचं?" त्यांचं बघून आणखी काही जण आले. प्रभाकररावांच्या मागं गाव जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आता ते पोरगंही गोंधळात पडलंय. काजल रोज सकाळी सायकल काढून सगळ्यांची वावरं बघून येते आणि आल्या आल्या भांडते, कुणी पाणी जास्त दिलं, कुणी दाटी केली. व्यापाऱ्यानं गाडी पाठवायचं कबूल केलंय. ती येईपर्यंत तिचा जीव खालीवर. बापानं मात्र हरभऱ्याचं नाव काढलेलं नाही.

आणि मी? आम्ही चौघं उरलो. एक प्रेमदासच्या हातून गाईच्या गोठ्यात फुटला. माझ्या काठाला बारीक टवका उडालाय. काजल म्हणते फेकून दे, ओठ कापेल. सुलोचना टवका पलीकडं करून पिते. शोकेसमध्ये आता बुद्धमूर्ती आहे, बाहुली आहे आणि बियांची एक बाटली आहे. मी मोरीच्या कट्ट्यावर असतो, अगदी कडेला. रोज कुणाचा तरी धक्का लागतो. एक दिवस मी जाणार, हे मला ठाऊक आहे आणि त्याची मला घाई नाही, भीतीही नाही.

तुमच्याही घरात असतील आम्ही. काचेमागं, पाहुण्यांसाठी. ज्यांच्यासाठी ठेवलंय ते पाहुणे कोण, हे एकदा स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तर काच सरकवा आणि आधी स्वतः प्या. फुटलो तर फुटलो. रिकामं राहण्याहून ते बरं.

बस, पुरे. सुलोचना अंगणवाडीतून आली आहे, चपला वाजल्या दारात. तिला तहान लागली असेल.